कुलूप कशाला?

आमच्या बेळगाव भागातल्या बायका मूडबिद्रीला गेल्या की सिद्धांत बसदीतल्या ताडपत्रांना लांबूनच हात जोडायच्या. धवला, जयधवला, महाधवला. वाचायचं नाही, नुसतं दर्शन. आजी म्हणायची, "कुलपात आहेत म्हणून टिकलीत गं."

तिचं खोटं नव्हतं. वीरसेनाचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये पुरी केलेली धवला टीका दुसरीकडं कुठं उरलीच नव्हती. पण कुलपातही ताडपत्र झिजतंच. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांसारख्यांच्या खटपटीनं १८९६च्या सुमारास नक्कल सुरू झाली. तीही बाहेर जाऊ द्यायची नव्हती. नक्कल करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत करून ठेवली. त्यात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा हात होता. ती प्रत सहारनपूरला गेली, तिथून नागरी नकला पसरल्या आणि १९३९ साली हिरालाल जैनांनी अमरावतीहून पहिला भाग छापला.

लक्ष्मीबाईंनी विश्वास मोडला का? मोडला. तरी मला त्यांचा राग येत नाही.

राग आला तो परवा. आमच्या महिला मंडळाच्या वहीचा फोटो कुणीतरी मोबाईलवरून पुढं पाठवला. कुणाची वर्गणी थकली, कुणाला मदत दिली, सगळं नावानिशी. त्यातली एकजण पुन्हा मंडळात आलीच नाही.

शास्त्र सगळ्यांचं, ते उघडं असावं. बाईची अडचण तिची एकटीची. कुलूप तिला हवं. आमच्याकडं उलटंच. ग्रंथांच्या कपाटाची किल्ली सापडत नाही, आणि वही टेबलावर उघडी.