कॉर्डलेसची कुळकथा : तार गेली, तिची कामं उरली

टेलिफोनच्या तारेचा आपण उगाच दुस्वास केला. आवाज नेण्याआणण्यापलीकडेही ती बरंच काही करायची. एक्स्चेंजमधून येणारी सुमारे ४८ व्होल्टची वीज तिच्यातूनच यायची, म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालू. शिवाय तार ज्याच्या घरात, फोन त्याचा. त्यात वादाला जागाच नव्हती. कॉर्डलेसवाल्यांनी तार तोडली आणि ही बिनबोभाट होणारी कामं त्यांच्या गळ्यात पडली.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॉर्ज स्वीगर्ट नावाचा एक हौशी रेडिओवाला होता. घरातला टेलिफोन आणि खिशातला रेडिओ यांची सांगड घालणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी त्याने १९६६ साली अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळालं. दुकानांत मात्र कॉर्डलेस दिसू लागला तो सत्तरचं दशक सरता सरता.

हे पहिले फोन म्हणजे नुसता उघडा दरवाजा. तारेला जोडलेल्या बेसचा आवाज हँडसेटकडे १.७ मेगाहर्ट्‌झवर यायचा, तोही घरातल्या विजेच्या वायरिंगचाच अँटेना करून. परतीचा आवाज ४९ मेगाहर्ट्‌झवर जायचा. हँडसेट आणि बेस यांच्यात ओळखपाळख काही नव्हती. तसाच हँडसेट घेऊन शेजारच्या अंगणात उभं राहिलं, की त्यांच्या लाइनचा डायल टोन मिळायचा. बोलायचं आपण, बिल त्यांना! चोरून ऐकणं तर त्याहून सोपं. आणि १९८६ च्या अमेरिकी कायद्याने तारेवरच्या संभाषणाला संरक्षण देताना कॉर्डलेसचा हवेतला टप्पा चक्क वगळला. ती चूक १९९४ मध्ये दुरुस्त झाली.

कानाचं प्रकरण याहून गंभीर. काही जुन्या सेटमध्ये घंटी कानाला लावायच्या स्पीकरमधूनच वाजे. बोलण्याआधी बाजूची कळ सरकवायची. ती विसरून फोन कानाला लावला, की पुढची घंटी थेट पडद्यावर. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी यामुळे बहिरेपण आलेल्या रुग्णांची नोंद केली आहे. पुढे घंटीसाठी वेगळा स्पीकर आला.

ओळखीचा प्रश्न नीट सुटला तो डिजिटल काळात. युरोपात १९९२ साली ‘डेक्ट’ हे मानक ठरलं: १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा, आणि प्रत्येक हँडसेटची आपल्या बेसकडे नोंदणी. नोंदणीचा पिन कारखान्यातून बहुधा ०००० असाच येतो. तो बदला. अमेरिकेतला डेक्ट वेगळा, १९२० ते १९३०चा. तिकडच्या लेकीने प्रेमाने आणलेला सेट पुण्यात लावू नये, कारण आपल्याकडच्या मोबाइलचा एक पट्टा १९२० पासूनच सुरू होतो. त्याचा अडॅप्टरही फक्त ११० व्होल्टचा असला, तर २३० च्या प्लगमध्ये गेल्या गेल्या कामातून जातो.

विजेचं काम मात्र बहुतेकांना जमलं नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्राने हे पुरतं अनुभवलं: दिवे गेले की बेस मेला, हँडसेटमध्ये सेल भरलेले असले तरी काय उपयोग? सेलचंही पथ्य आहे. सेट निकेल सेलचा असेल तर रिचार्जेबल निकेलचेच घालावेत. रिमोटमधले साधे सेल घालून हँडसेट चार्जिंगला ठेवला तर ते गळतात, फुटूही शकतात. चार्ज होत नसेल तर नवे सेल आणण्याआधी हँडसेटच्या बुडाशी असलेल्या धातूच्या दोन पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसून पाहाव्यात. गडगडाट सुरू झाला की बेसचा प्लग आणि टेलिफोनची तार दोन्ही काढून ठेवावं. हँडसेटला तार नसली, तरी बेसला आहेच.

तांब्याची लाइन अजून असेल, तर दिवे गेल्यावरच्या सोयीसाठी एक साधा तारेचा फोन तिच्यावर जोडून ठेवा. फायबर घेतलं असेल तर तोही उपाय चालत नाही. तिथे फोनला वीज घरातल्याच फायबरच्या डब्यातून मिळते, तेव्हा आधी तो डबा इन्व्हर्टरवर घ्या.