सोन्याच्या खाणीजवळची लाँड्री

इतिहास हा विषय माणसाने परीक्षेपुरताच करावा, असे आमच्या हिचे ठाम मत आहे. हे मत 1973 सालापासूनचे आहे आणि त्याची किंमत रोख तीन हजार रुपये आहे. माझ्या त्या वेळच्या पगाराचे बरोब्बर सात महिने.

झाले असे, की एका रविवारी सकाळी हिचे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, वहिनींसह आमच्याकडे आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "जावईबापू, नोकरी सोडली. आता धंदा!"

दादांचे मालकाशी भांडण झाले होते. बारा वर्षे मान खाली घालून खर्डेघाशी केलेला माणूस एकदम मान वर करतो तेव्हा त्याला समोर फक्त आकाश दिसते, तसे त्यांचे झाले होते. धंदा करायचा हे ठरले होते. कुठे, तेही ठरले होते: पिंपरी-चिंचवडला. कसला, एवढेच काय ते ठरायचे राहिले होते.

'कुठे' मात्र दादांनी अगदी अचूक हेरले होते. 1954 साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि मग त्या भागात कारखाने पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवायला लागले. लोणावळ्याच्या गाडीतून जाताना एका वर्षी खिडकीतून जोंधळा दिसावा, पुढच्या वर्षी त्याच जागी तारेचे कुंपण आणि त्याच्या पुढच्या वर्षी धुराडे. 1970 मध्ये आजूबाजूची गावे मिळून नगरपालिकासुद्धा झाली. पाळी सुटली की सायकलींचा असा लोंढा यायचा, की रस्ता ओलांडायला माणसाने विमा उतरवून जावे. साताऱ्याकडची, सांगलीकडची, मराठवाड्यातली पोरे एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा राहत होती. हातात पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पगार पडत होता. इथे काहीही विकले तरी खपेल, असे दादांना वाटत होते. हे 'काहीही' फार घातक असते. दुपारपर्यंत त्यांनी उदबत्त्या, फोटो स्टुडिओ, कुलपे, चष्मे आणि रसवंतिगृह असे पाच धंदे आमच्या पलंगावर बसून काढले आणि त्यातले तीन तिथेच बुडवलेही.

तेव्हा मी म्हणालो, "थांबा. याला इतिहासात आधार आहे."

हे वाक्य मी उच्चारले नसते तर पुढचा लेख लिहायची वेळ आली नसती. पण योगायोगाने त्याच आठवड्यात मी वाचनालयातून कॅलिफोर्नियाच्या सोन्यावरचे एक पुस्तक आणले होते. नुकतेच पुस्तक वाचलेला माणूस आणि नुकताच पोहायला शिकलेला माणूस, दोघांनाही उडी मारायची घाई असते.

मी सांगायला सुरुवात केली. 24 जानेवारी 1848 रोजी कोलोमा या गावी जेम्स मार्शल नावाच्या सुताराला, सटर नावाच्या जमीनदाराची लाकूड कापायची गिरणी बांधताना, पाटाच्या पाण्यात सोन्याचे कण दिसले. बातमी दाबून ठेवायचे ठरले, म्हणजेच ती फुटली. पण तिचा डांगोरा पिटला तो सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदाराने. त्याचे सटरच्या किल्ल्यापाशी दुकान होते. पठ्ठ्याने आधी फावडी, घमेली, कुदळी असा सगळा माल गोळा केला आणि मग मे महिन्यात सोन्याची भुकटी भरलेली बाटली हातात धरून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून 'सोने! सोने!' म्हणून ओरडत सुटला. वीस सेंटला घेतलेले घमेले त्याने पंधरा डॉलरला विकले असे सांगतात. त्याचे स्वतःचे वर्तमानपत्रही होते. ते मात्र जूनमध्ये बंद ठेवावे लागले, कारण खिळे जुळवणारेसुद्धा घमेली घेऊन डोंगरात पळाले.

"म्हणजे फावडी विकायची?" दादांनी विचारले.

"पिंपरीत फावडी कुणाला हवीत?" ही आतून म्हणाली. ही आतूनच बोलते, पण बाहेर लागते.

मी म्हणालो, फावड्याचे तत्त्व लक्षात घ्या. सोने खणणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे भले झाले. मार्शल गरिबीत मेला, सटरची तर जमीनसुद्धा गेली. कमावले ते खणणाऱ्यांना माल पुरवणाऱ्यांनी. जॉन स्टुडबेकर हा पोरगा 1853 साली सोने शोधायला प्लेसरव्हिलला पोचला आणि पाच वर्षे एकचाकी हातगाड्या करत बसला. आठ हजार डॉलर गाठीला बांधून तो घरी गेला आणि ते त्याने भावांच्या गाड्यांच्या कारखान्यात घातले. त्याच घराण्याच्या नावाच्या मोटारी पुढे आपल्याकडच्या संस्थानिकांनी उडवल्या.

"आणि ते जीनच्या पँटवाले?" दादांनाही थोडे ठाऊक होते.

इथे मला विद्वत्ता दाखवायची संधी मिळाली. लिव्हाय स्ट्रॉसने तंबूचे कापड फाडून खाणकामगारांना पँटी शिवल्या, ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती गोष्टच आहे. तो 1853 साली सॅन फ्रान्सिस्कोला आला तो ठोक कापडाचा व्यापारी म्हणून. खिशांना तांब्याचे रिबिट मारायची युक्ती रेनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याची, आणि दोघांच्या नावाचे पेटंट निघाले 1873 साली. म्हणजे पँट यायला वीस वर्षे लागली.

"वीस वर्षे?" दादा खचले. त्यांच्याकडे वीस महिन्यांचे पैसे नव्हते.

त्यांना धीर यावा म्हणून मी अंड्यांची हकीकत सांगितली. खरे तर या हकिकतीत एक मेव्हणा आहे, म्हणूनच ती मला जास्त आवडली होती. सॅन फ्रान्सिस्कोची वस्ती दोन वर्षांत हजाराची पंचवीस हजार झाली, पण कोंबड्यांना ही वार्ता कुणी कळवली नव्हती. अंड्यांचा भाव आकाशाला भिडला. तेव्हा 1849 साली डॉक रॉबिन्सन नावाचा इसम आपल्या मेव्हण्याला घेऊन, होडीतून समुद्रातल्या फॅरलॉन बेटांवर गेला आणि तिथल्या खडकांवरची समुद्रपक्ष्यांची अंडी लुटून आणली. येताना वादळात निम्मी फुटली. उरलेल्या निम्म्यांचे तीन हजार डॉलर झाले. मात्र पुन्हा त्या बेटाचे नाव घ्यायचे नाही अशी दोघांनी शपथ घेतली. मेव्हण्याबरोबर केलेल्या धंद्याचा इतका शहाणा शेवट मी दुसरा वाचलेला नाही. बाकीच्यांनी शपथ घेतली नव्हती. ते भांडत राहिले आणि 1863 साली त्या बेटावर अंड्यांसाठी चक्क बंदुका चालल्या. दोन माणसे गेली.

अंडी आमच्या घरात चालत नसल्यामुळे तो मुद्दा मागे पडला. मग मी हुकमाचे पान टाकले: धुलाई! सॅन फ्रान्सिस्कोत कपडे धुवायला माणूस मिळेना, मिळाला तर तो असे पैसे मागे, की लोक मळके कपडे जहाजात घालून हवाई बेटांवर, नाही तर थेट चीनमध्ये कँटनला पाठवायचे. धुऊन परत यायला महिनोन्महिने लागत. मग चिनी लोकांनी तिथेच लाँड्र्या काढल्या आणि त्यावर त्यांच्या पिढ्या जगल्या.

"कारखान्यातला कामगार!" मी पलंगावरून उठलो. "तेल, वंगण, घाम! रोज मळणार, रोज धुवायला येणार. दादा, हा धंदा बुडू शकत नाही."

"तिकडे बायका होत्या का?" हिने विचारले.

मी पान उलटून पाहिले. 1850 च्या शिरगणतीत कॅलिफोर्नियात शंभरात जेमतेम आठ बायका होत्या.

"मग! इथे घरोघरी आहेत. आणि ज्याची बायको गावाला आहे त्याला नळ आहे."

हा आक्षेप आम्ही दोघांनी अर्थशास्त्राचे अज्ञान म्हणून सोडून दिला. वहिनी कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारले, "ती बाई कोण हो, चित्रातली?" पुस्तकात एक रेखाचित्र होते. मी म्हणालो, तिचे काही विशेष नाही. ल्यूझेना विल्सन. 1849 साली नवरा आणि दोन पोरांबरोबर बैलगाडीतून खंड ओलांडून आली. चुलीवर पोळ्यांसारखे काहीतरी भाजत होती, तर एक खाणकामगार येऊन म्हणाला, बाईच्या हातच्या भाकरीला पाच डॉलर देतो. ती गोंधळून गप्प राहिली, तर त्याने दहा काढून हातावर ठेवले. पुढे नेव्हाडा सिटीत तिने खुंट्यांवर फळ्या टाकून टेबल केले आणि त्या रात्री नवरा घरी आला तेव्हा वीस माणसे जेवत होती, माणशी एक डॉलर. "पण 1851 मध्ये गावाला आग लागून तिचे सगळे जळाले," असे सांगून मी तो विषय संपवला. वहिनी पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

भांडवल उभारण्याआधी सल्ला घ्यायला म्हणून दादा लालबागच्या मावशींकडे गेले. मलाही नेले. या मावशी गिरणगावात खाणावळ चालवत. मुंबईची पहिली कापडगिरणी 1850 नंतरच्या दशकात उभी राहिली, आणि बायकापोरांना कोकणात आणि घाटावर ठेवून आलेल्या बाप्यांच्या पोटाची सोय तेव्हापासून अशा बायकांनीच केली. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे रांधायचे, पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. (1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे या बायकांना बँकेची पायरी दिसली.) मावशींनी आमचा कॅलिफोर्निया शांतपणे ऐकून घेतला. मग पोळपाट पुसत म्हणाल्या, "धंदा कसला ते मागनं बघा. त्यांचा पगार कितव्या तारखेला होतो, ते ठाऊक हाय का?"

आम्हाला ठाऊक नव्हते.

"आन् पगार नाही झाला तर?"

याचेही उत्तर नव्हते. तो प्रश्न त्यांच्याच वाट्याला यायचा होता. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा पहिले काही महिने त्या उधारीवर वाढत राहिल्या. "जेवता माणूस उठवू कसा?" म्हणायच्या. जेवणारे हळूहळू गावाला गेले, ते बरेचसे परत आलेच नाहीत. मावशींच्या लाल वहीत अजून त्यांची नावे आहेत. ती वही मी पाहिलेली आहे, आणि त्याबद्दल मला विनोदी काही लिहिता येत नाही.

तर लाँड्री निघाली. दादांची शिल्लक आणि माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले तीन हजार, अशा पायावर एका कारखान्याच्या फाटकासमोर पत्र्याचा गाळा घेतला. दोन कोळशाच्या इस्त्र्या, एक लांबलचक टेबल, खळ शिजवायला स्टोव्ह आणि मोठे पातेले. दुकानाचे नाव मी सुचवले होते. ते इथे सांगत नाही, घरी हा लेख वाचला जाण्याची शक्यता आहे.

पहिल्या महिन्यात धुवायला अकरा कपडे आले. त्यातले सात माझे होते.

कामगारांना कारखान्याकडून खाकी गणवेश मिळत. ते मळत, यात माझे काही चुकले नव्हते. पण उद्या पुन्हा मळणारा कपडा आज कडक इस्त्रीचा कशाला हवा, हा विचार मला सुचला नाही, त्यांना सुचला. आणि सुटीच्या दिवशी घालायला त्यांनी पहिल्या बोनसमधून काय घ्यावे? टेरिकॉट! रात्री नळाखाली बुचकळायचा, दोरीवर टाकायचा, सकाळी घालायचा. घडी मोडत नाही, इस्त्री लागत नाही. सगळा देश त्या वर्षी टेरिकॉटच्या मागे लागला होता आणि आम्ही खळ शिजवत होतो. शेजारी पंक्चरवाल्याकडे मात्र एवढी रांग, की तो आमच्या रिकाम्या बाकावर आपली गिऱ्हाइके बसवायचा.

तिसऱ्या महिन्यात दादा बोलेनासे झाले. गाळ्याचे भाडे थकले. वहिनींच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या, ते हिने पाहिले आणि मला सांगितले नाही. मी पाहिले आणि तिला सांगितले नाही. आमच्या घरात सुमारे पंधरा दिवस कॅलिफोर्नियाचा उच्चार झाला नाही.

दादा सकाळी न खाता गाळ्यावर जातात म्हणून वहिनी एके दिवशी मागोमाग गेल्या आणि खळीच्या स्टोव्हवर त्यांच्यापुरते पोहे टाकले. सात वाजता रात्रपाळी सुटली. फोडणीचा वास फाटकाबाहेर पडणाऱ्या तीन-चारशे माणसांच्या नाकात शिरला. एक पोरगेलासा कामगार सायकल भिंतीला लावून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, मिळतील का?"

दादा म्हणाले, "अहो, ही लाँड्री आहे."

वहिनी म्हणाल्या, "आठ आणे. बसा."

त्या कॅलिफोर्नियातल्या बाईसारख्या त्या गोंधळल्या नाहीत. दादांची बशी त्यांनी दादांच्या हातातून काढून त्या मुलाला दिली.

आठवड्याभरात इस्त्रीच्या टेबलावर माणसे जेवायला लागली. टेबल लांबलचक होते, त्याचा उपयोग झाला. वहिनींनी पहिल्याच दिवशी पगाराची तारीख विचारून घेतली आणि फळ्यावर लिहून ठेवली. खाली लिहिले, 'उधारी फक्त या तारखेपर्यंत.' दोन्ही इस्त्र्या दादांनी मोडीत काढल्या. पाटल्या दोन वर्षांनी परत आल्या, थोड्या जाड होऊन.

माझे पैसे हप्त्याहप्त्याने फिटले. चौकशीला म्हणून मी अधूनमधून दुपारच्या गाडीने जात असे, आणि गेलेल्या माणसाला वहिनी उपाशी कशा पाठवणार? शेवटचा हप्ता 1976 च्या दिवाळीत आला, तो साडेचौऱ्याण्णव रुपयांनी कमी होता. सोबत वहिनींच्या अक्षरातली चिठ्ठी होती: थाळ्या त्रेसष्ट, दर दीड रुपया.