सर्किट बोर्डाचे डाखकाम
सर्किट बोर्डावरील घटक तांब्याच्या पट्ट्यांना कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडण्याच्या क्रियेस डाखकाम म्हणतात. बाजारात 'सोल्डरिंग' हाच शब्द रूढ आहे. यात जोडावयाचे धातू वितळत नाहीत, केवळ डाख वितळतो.

पारंपरिक डाखात ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असते आणि तो १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शिसे विषारी असल्याने युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांतील त्याच्या वापरावर मर्यादा घातली; भारतात २०११ च्या ई-कचरा नियमांत तशी तरतूद झाली. कथिल, चांदी व तांबे यांचा शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो, त्यामुळे आयर्नचे टोक लवकर झिजते.

उपकरणाची निवड कामाच्या व्यापावर ठरते. गुलमंडीसारख्या पेठेत एकेक बोर्ड दुरुस्त करणाऱ्यास तापमान-नियंत्रित आयर्न आणि गरम हवेचे यंत्र पुरते. कारखान्यात छिद्रांतून पाय काढलेले घटक असतील, तर बोर्ड वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून नेतात. पृष्ठभागी बसणाऱ्या सूक्ष्म घटकांसाठी डाखाची लुगदी जाळीतून लावून बोर्ड भट्टीतून काढतात. छत्रपती संभाजीनगर येथे इलेक्ट्रॉनिकीचे शिक्षण देणारे 'नायलिट' या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे.

डाखकामात उठणारा धूर शिशाचा असतो, हा समज चुकीचा आहे. तो मुख्यतः फ्लक्समधील राळेचा असतो व त्याने दमा जडू शकतो. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. म्हणून जेवणापूर्वी हात साबणाने धुणे आवश्यक असते.