सुशीलकुमार शिंदे

सुशीलकुमार संभाजीराव शिंदे (जन्म : ४ सप्टेंबर १९४१, सोलापूर) हे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ज्येष्ठ नेते, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री व भारताचे माजी गृहमंत्री आहेत. ढोर समाजात जन्मलेले शिंदे हे महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री होत. सोलापुरातील सात रस्ता भागातील त्यांचे ‘जनवात्सल्य’ हे निवासस्थान अनेक वर्षे शहरातील काँग्रेसच्या राजकारणाचे केंद्र राहिले आहे.

प्रारंभीचे जीवन

शिंदे यांचे बालपण गरिबीत गेले. सोलापूरच्या न्यायालयात ते शिपाई म्हणून नोकरीला लागले व पुढे तेथेच कारकून झाले. नोकरी सांभाळून त्यांनी दयानंद महाविद्यालयातून पदवी मिळवली. १९६५ मध्ये ते राज्य पोलीस दलात फौजदार झाले. ज्या माणसाने पुढे देशाचे गृहखाते सांभाळले, त्याने पोलिसाची वर्दी स्वतः अंगावर चढवली होती, ही गोष्ट भारतीय राजकारणात विरळाच म्हणावी लागेल. शरद पवार यांच्या प्रोत्साहनाने १९७१ मध्ये नोकरी सोडून ते काँग्रेसमध्ये आले.

राज्याच्या राजकारणात

करमाळा या राखीव मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत विजयी होऊन १९७४ मध्ये शिंदे विधानसभेत पोहोचले आणि लवकरच राज्यमंत्री झाले. १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार कोसळले, त्या वेळी पवारांबरोबर बाहेर पडलेल्या मंत्र्यांत तेही होते. मात्र पवारांच्या बरेच आधी ते स्वगृही परतले. १९९९ मध्ये पवारांनी पुन्हा वेगळा पक्ष काढला तेव्हा शिंदे काँग्रेसमध्येच राहिले. राज्याचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी नऊ वेळा अर्थसंकल्प मांडला.

१९९२ मध्ये ते राज्यसभेवर गेले. १९९८ व १९९९ मध्ये त्यांनी सोलापूर लोकसभा मतदारसंघ जिंकला. तो तेव्हा राखीव नव्हता, त्यामुळे या विजयांचे मोल अधिक. २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधी पक्षांनी त्यांना भैरोसिंह शेखावत यांच्याविरुद्ध उभे केले. संख्याबळ पाहता पराभव ठरलेलाच होता. शेखावतांना ४५४ व शिंदे यांना ३०५ मते मिळाली.

मुख्यमंत्रिपद

१८ जानेवारी २००३ रोजी विलासराव देशमुख यांच्या जागी शिंदे मुख्यमंत्री झाले. त्यांनी सोडलेल्या सोलापूर लोकसभा जागेची पोटनिवडणूक मात्र भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील यांनी जिंकली. २००४ मध्ये त्याच जागेवर शिंदे यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे यांचा सुभाष देशमुख यांनी पराभव केला. राज्याचा मुख्यमंत्री सोलापूरचा आणि सोलापूरचा खासदार विरोधी पक्षाचा, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली.

ऑक्टोबर २००४ ची विधानसभा निवडणूक आघाडीने शिंदे मुख्यमंत्री असताना लढवली व सत्ता राखली. राष्ट्रवादीला ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले. ते शिंदे यांना मिळाले नाही. विलासराव देशमुख पुन्हा मुख्यमंत्री झाले व शिंदे यांची रवानगी हैदराबादला राज्यपाल म्हणून झाली. निवडणूक जिंकूनही पद गेले, याचा जाहीर निषेध त्यांनी केला नाही. पक्षश्रेष्ठींचा आदेश मानण्याची ही वृत्ती त्यांना पुढील पदांपर्यंत घेऊन गेली. तिचीच दुसरी बाजू अशी की, स्वतःचा गट बांधून श्रेष्ठींशी सौदा करण्याइतके बळ त्यांनी कधी उभे केले नाही.

केंद्रीय मंत्री

जानेवारी २००६ मध्ये ते केंद्रीय ऊर्जामंत्री झाले. सोलापूर जिल्ह्यातील एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प त्यांच्या कारकिर्दीत आकाराला आला. २००९ मध्ये ते आता राखीव झालेल्या सोलापुरातून पुन्हा लोकसभेवर गेले. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ वीजजाळे कोलमडून देशाचा उत्तर व पूर्व भाग अंधारात गेला आणि दुसऱ्या अंधाराच्याच दिवशी शिंदे यांना गृहमंत्रिपदी बढती मिळाली. या योगायोगावर विरोधकांनी कडाडून टीका केली.

त्यांच्या कार्यकाळात अजमल कसाब (२१ नोव्हेंबर २०१२) व अफझल गुरू (९ फेब्रुवारी २०१३) यांना फाशी देण्यात आली. अफझलच्या कुटुंबाला धाडलेले पत्र फाशीनंतर दोन दिवसांनी पोहोचले, यावरून सरकारला टीका सहन करावी लागली. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगण निर्मितीचे विधेयक त्यांनी लोकसभेत मांडले, तेव्हा एका खासदाराने सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला.

वादग्रस्त विधाने

शिंदे यांच्यावरील बरेचसे वाद त्यांच्या बोलण्यातून उद्भवले. सप्टेंबर २०१२ मध्ये पुण्यात त्यांनी लोक बोफोर्सप्रमाणे कोळसा प्रकरणही विसरतील, अशा अर्थाचे उद्गार काढले व नंतर तो विनोद असल्याचे सांगितले. दिल्लीतील सामूहिक बलात्काराविरुद्ध तरुण रस्त्यावर असताना, गृहमंत्र्याने आंदोलकांना भेटावे तर उद्या माओवाद्यांनाही भेटावे लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो संतापाला कारण ठरला. जानेवारी २०१३ मध्ये जयपूरच्या शिबिरात भाजप व संघाच्या शिबिरांत दहशतवादाचे प्रशिक्षण दिले जाते, असा आरोप त्यांनी केला. भाजपने संसदेत बहिष्काराचा इशारा दिल्यावर २० फेब्रुवारीला त्यांनी खेद व्यक्त केला. काही दिवसांनी भंडारा प्रकरणातील अल्पवयीन पीडित मुलींची नावे त्यांनी राज्यसभेत वाचली. ती कामकाजातून वगळावी लागली. ही चूक अधिक गंभीर होती, कारण कायद्याने गुप्त ठेवावयाची ओळख कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी असलेल्या मंत्र्याकडूनच उघड झाली.

आदर्श सोसायटी प्रकरणी चौकशी आयोगाच्या अहवालात राजकीय आश्रय देणाऱ्या मुख्यमंत्र्यांमध्ये त्यांचेही नाव होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने मात्र त्यांना आरोपी केले नाही.

निवडणुकीतील पराभव व निवृत्ती

२०१४ मध्ये शरद बनसोडे यांनी त्यांचा सुमारे दीड लाख मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये जयसिद्धेश्वर स्वामी यांच्याकडून ते पुन्हा पराभूत झाले. त्या लढतीत प्रकाश आंबेडकरही रिंगणात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे यांनी निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. २०२४ मध्ये त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे यांनी भाजपचे राम सातपुते यांना ७४ हजारांहून अधिक मतांनी हरवून हा मतदारसंघ परत मिळवला.