घुमट (शिरगाव–डिचोली परिसर)

घुमट : दोन तोंडांच्या मातीच्या घटावर कातडे चढवून केलेले गोव्याचे चर्मवाद्य. डिचोली तालुक्यातील शिरगाव, मये, मुळगाव या गावांत आणि उत्तरेकडे पेडण्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीला त्याची साथ असते. २०१९ मध्ये गोवा शासनाने त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. मूळ घुमटावर घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपड संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. या बदलामुळे घुमटाच्या जतनाचा प्रश्न इतर वाद्यांहून गुंतागुंतीचा झाला आहे. जुन्या संग्रहात राहिलेले घुमट आणि आज आरतीला वाजणारे घुमट दिसायला सारखे असले, तरी त्यांचा आवाज सारखा नाही.

घट कुंभाराच्या चाकावर घडवतात. डिचोलीची कुंभारकला प्रसिद्ध आहे आणि घुमटाचे घटही तिथल्या भट्ट्यांतून निघत आले. पोट फुगीर, एक तोंड रुंद व काठ बाहेर वळलेला, दुसरे तोंड अरुंद. भाजलेल्या घटाच्या रुंद तोंडावर ओले कातडे ताणून बसवतात, काठाखाली दोरीचे वेढे घेऊन ते आवळतात आणि सावकाश वाळू देतात. काठ वळवलेला नसेल, तर दोरी घसरते आणि कातडे ढिले पडते. अरुंद तोंड उघडेच राहते. वाद्याची खुबी तिथे आहे. वादक घुमट दोरीने गळ्यात अडकवतो, उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर आघात करतो आणि डाव्या तळव्याने मागचे तोंड झाकत-उघडत राहतो. आतली हवा कोंडली-सुटली की नाद खाली-वर होतो. वाद्यांच्या वर्गवारीत घुमट चर्मवाद्यांत मोडते हे खरे. पण त्याचा अर्धा आवाज पोटातल्या हवेचा आहे, हे वर्गवारीच्या खणात दिसत नाही.

घोरपडीचे कातडे पातळ, चिवट आणि ताण धरून ठेवणारे. बकऱ्याचे कातडे भाद्रपदातल्या दमट हवेत सैलावते, म्हणून आरतीच्या आधी घुमट शेकून घ्यावे लागते. जुन्या वादकांना नवा आवाज बोथट वाटतो. त्यांची तक्रार खोटी नाही, पण कायदा मोडण्याचे ते कारणही होऊ शकत नाही.

घुमट सहसा एकटे वाजत नाही. दोन काठ्यांनी वाजवायचे लाकडी शामेळ लय धरते, कांसाळे (झांजा) ठोके ठळक करतात आणि घुमटे त्यावर भरणा करतात. आरत्यांची भाषा पुष्कळदा मराठी, गाणाऱ्यांची घरची बोली कोंकणी. चालता चालता लय चढत जाते आणि शेवटच्या आवर्तनांत शब्द कळेनासे होतात. शिमग्यातील सुवारी वादनातही हाच संच असतो. ख्रिस्ती समाजात मांडो ही कोंकणी गीते गाताना व्हायोलिनसोबत घुमट घेतात. घुमटाचे नातलग म्हणावे असे म्हादळे हे वाद्य गावडा-कुणबी समाजात आहे. त्याच्या मातीच्या नळकांड्याची दोन्ही तोंडे कातड्याने मढवलेली असतात.

शिरगावचे नाव सर्वतोमुखी आहे ते लैराई देवीच्या जत्रेमुळे. वैशाख शुद्ध पंचमीला हातात बेत (वेताची काठी) घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, ढोलाच्या ठेक्यावर नाचतात आणि उत्तररात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. तिथला मुख्य आवाज ढोलाचा, घुमटाचा नव्हे. चवथीला घुमट, शिमग्यात सुवारीसोबत ढोल-ताशे, जत्रेला पुन्हा ढोल: गावाचे संगीत असे तिथीवार वाटलेले आहे. एखादे वाद्य उचलून दालनात ठेवले की ही तिथी मागे राहते. ही वाटणी टिकून राहण्यामागे इतिहासही आहे. डिचोली, सत्तरी व पेडणे हे मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात १७८०च्या दशकात, म्हणजे बार्देश-सासष्टीपेक्षा बरेच उशिरा आले. या मुलुखांत देवळे आणि त्यांना जोडलेली वाद्यसेवा अधिक सलग राहिली, त्याचे हे मोठे कारण.

वाद्ये संग्रहालयात नेण्याची प्रथा जुनी आहे. राजा शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट दिली. ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाच्या मूळ संग्रहांपैकी तो एक. पुण्यात दिनकर केळकरांनी जमवलेल्या वस्तूंत वाद्यांचे स्वतंत्र दालन आहे. हा संग्रह त्यांनी १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. ध्वनीच्या बाजूने पाहता, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत व संगीतशास्त्रविषयक अभिलेखागार १९८२ मध्ये सुरू झाले. संशोधकांनी क्षेत्रभेटींत केलेली ध्वनिमुद्रणे तिथे जमा होतात. वस्तू एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, अशी ही फाळणी आहे. घुमटाच्या बाबतीत ती विशेष जाचते.

तारवाद्याला नव्या तारा लावून मूळ आवाजाचा निदान अंदाज घेता येतो. घोरपडीच्या कातड्याचे घुमट मात्र एकदा फाटले की तसे पुन्हा मढवता येत नाही, आणि संग्रहातले कातडे ताणून वाजवण्याची जोखीम कोणी अभिरक्षक घेणार नाही. घट टणक असतो; कातडे आधी जाते. कोरड्या हवेत ते आखडून काठाशी चिरते, ओल्या हवेत बुरशी धरते. जुन्या संग्रहांत किडीपासून बचाव म्हणून कातडी वस्तूंना आर्सेनिकयुक्त औषधे लावण्याची पद्धत होती, त्यामुळे हातमोज्यांशिवाय अशी वस्तू हाताळू नये. त्यातून संरक्षित प्राण्याच्या कातड्याची वस्तू विकणे-खरेदी करणे कायद्याने बंद. कुणा घराने माळ्यावरचे जुने घुमट देऊ केले, तरी वनखात्याला विचारल्यावाचून ते दाखल करून घेणे शहाणपणाचे नाही.

म्हणून घुमटाच्या नोंदपत्रात तोंडांचा व्यास आणि घटाची उंची एवढ्याने भागत नाही. माती कोणत्या गावची, घट कोणत्या भट्टीतला, कातडे कशाचे व कोणत्या ऋतूत चढवले, घुमट आरतीचे की मांडोचे, त्याच वादकाने त्याच घुमटावर वाजवलेले ध्वनिमुद्रण कुठे आहे, हे सगळे एका पानावर हवे. डिचोली हा खाणींचा तालुका. शेतजमिनीवर खाणींचा ताण पडत आला असल्याने मातीची नोंदही क्षुल्लक मानता येत नाही. आणि ही नोंद फक्त जुन्या वाद्यांपुरती ठेवू नये. बकऱ्याच्या कातड्याचे, यंदाच्या चवथीला शेकून वाजवलेले घुमटही, त्याची दोरी कोणी आवळली या माहितीसह, तितक्याच काळजीने दाखल व्हायला हवे.