तुरुंगातल्या व्यसनमुक्ती उपचारांवर कैदी समाधानी आहेत का? हे विचारणं का गरजेचं आहे?

शिक्षा भोगणाऱ्याला ‘उपचार आवडले का?’ असं कशाला विचारायचं? कारण या उत्तरावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो.

उपचार नेमके काय असतात?
अफू, हेरॉइन, गर्द आणि काही वेदनाशामक औषधं ओपिऑइड गटात येतात. ती अचानक बंद झाली की अंग मोडून येतं, जुलाब होतात, झोप उडते. त्यावर डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देतात. ठरलेल्या डोसमुळे तलफ आटोक्यात येते. ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन द्यायला सुरुवात झाली.

समाधान कसं मोजतात?
आरोग्यसेवांसाठी ८ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक उत्तराला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण ८ ते ३२. पण तुरुंगात एक अडचण आहे. कैदी डॉक्टर बदलू शकत नाही आणि तक्रार केली तर गोळी बंद होईल, अशी भीती त्याला वाटू शकते. म्हणून प्रश्न विचारणारा तुरुंगाचा कर्मचारी नसावा आणि कागदावर नाव नसावं.

कैद्यांना काय खुपतं?
गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत पहारा असतो, कारण ती लपवून विकली जाऊ शकते. रांगेत उभं राहिलं की व्यसन सगळ्यांना कळतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या तुरुंगांत महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन वापरलं जातं. त्यामुळे रोजची रांग टळते.

खरी परीक्षा कधी?
सुटकेनंतर. तुरुंगात नशा थांबली की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन जुन्याच प्रमाणात घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. पहिले २ आठवडे सर्वांत धोक्याचे. उपचारांवर विश्वास बसलेला माणूस बाहेरही औषध चालू ठेवण्याची शक्यता जास्त.

समजा, कुणी सुटून परभणी जिल्ह्यातल्या पेडगावला घरी आला. त्याच्या हातात डोस लिहिलेली चिठ्ठी आणि जवळच्या केंद्राचा पत्ता हवा. म्हणून ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न सुटकेनंतरही विचारायला हवा.

मदत हवी असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६.