हाताला साजणारी रॅकेट

टेनिसची रॅकेट घेण्यासाठी दुकानात गेलेल्या माणसाला आज अनेक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. वजन २६० ग्रॅम हवे की ३२०? डोके ९५ चौरस इंचांचे की ११०? तोल मुठीकडे झुकलेला असावा की डोक्याकडे? ग्रिप केवढी? गटिंग किती पौंडांवर आवळायचे? या सर्व प्रश्नांमागे एक गृहीतक उभे आहे. खेळणाऱ्याजवळ स्वतःचा असा एक खेळ आधीपासून असतो, त्याला जुळणारी रॅकेट बाजारात कुठेतरी असते, आणि या दोहोंची गाठ घालून दिली की काम संपते, असे ते गृहीतक. ते कितपत खरे आहे याचा विचार खेळाच्या इतिहासाच्या अंगाने करता येतो आणि तो साहित्याच्या अभ्यासकालाही उपयोगी पडावा. साधन आणि हात यांच्या नात्याचा हाच प्रश्न वृत्त आणि आशय, भाषा आणि अनुभव यांच्या संदर्भात आपल्यापुढे नेहमी येत असतो. त्यासाठी महाराष्ट्रातील दोन घरांची उदाहरणे येथे घ्यावयाची आहेत.

त्याआधी वस्तूविषयी थोडे. वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज मेजरने १८७४ साली आपल्या नव्या मैदानी खेळाचे पेटंट घेतले. जाळी, खांब, चेंडू आणि रॅकेटी एकाच पेटीत घालून तो खेळ विकला जाई. म्हणजे आरंभी रॅकेट निवडण्याचा प्रश्नच नव्हता. पेटीत जी निघेल ती आपली. १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. त्याच दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत बॅडमिंटनचे नियम आकार घेत होते. हा खेळ काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई, हे अनेकांना ठाऊक असते. एकाच काळात जन्मलेल्या या दोन खेळांच्या रॅकेटी मात्र वेगळ्या प्रकृतीच्या. एक जड चेंडूचा आघात सोसणारी, म्हणून भारदस्त. दुसरी पिसांच्या फुलाला टोलवणारी, म्हणून हलकी आणि मनगटाच्या इशाऱ्यावर वळणारी.

टेनिसची जुनी रॅकेट लाकडाची असे. अ‍ॅशसारख्या चिवट लाकडाची पट्टी वाफवून वाकवायची, पुढे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, आणि त्या चौकटीत जनावरांच्या आतड्यापासून केलेली तात विणायची. वजन साधारण ३७० ते ४०० ग्रॅम, डोके सुमारे ६५ ते ७० चौरस इंचांचे. आपल्याकडील पावसाळा या दोन्ही पदार्थांचा वैरी. दमट हवेत तात सैल पडे आणि लाकूड पिळवटे. म्हणून खेळ झाला की रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवावी लागे. घरातल्या कपाटावर पडलेली ती चौकोनी प्रेस आजच्या साठीच्या पिढीला आठवत असेल.

निवडीचे नियम तेव्हाही होते आणि ते मुळात पदार्थविज्ञानाचे असल्याने आजही बदललेले नाहीत. जड रॅकेट चेंडूच्या धक्क्याने डगमगत नाही, परंतु ती वेळेवर फिरवण्यास ताकद लागते. हलकी चटकन वळते, पण आघाताचा हादरा कोपरापर्यंत पोचवते. तोल डोक्याकडे असला तर मागच्या रेषेवरून मारलेला फटका जोरकस होतो. मुठीकडे असला तर जाळीजवळ हात मोकळा राहतो. सैल गटिंग चेंडूला अधिक वेग देते, घट्ट गटिंग दिशेवर ताबा देते. चेंडू तारांवर टेकलेला असतो तो काळ सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका. एवढ्या क्षणात हात काहीच दुरुस्त करू शकत नाही. जे ठरायचे ते आधीच, सरावात आणि साधनात, ठरलेले असते. फरक एवढाच की लाकडी रॅकेटच्या काळात या निवडीला फार थोडी जागा होती. एखाद-दोन औंसांचे अंतर आणि मुठीची जाडी, बस्स. बाकी सगळा बदल हाताने स्वतःत करायचा असे.

आणि मुळात ती मिळणार कोणाला, हाही प्रश्न होता. आरंभीच्या काळात चांगली रॅकेट विलायतेहून येई. पुढे पंजाबातील सियालकोट हे क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र झाले. एका इंग्रजाची तुटलेली टेनिस रॅकेट तेथील कारागिराने दुरुस्त करून दिली आणि त्यातून हा धंदा उभा राहिला, अशी कथा सांगतात. फाळणीनंतर त्यातील अनेक कारागीर जालंधर आणि मेरठ येथे स्थिरावले. आजही खेळाच्या दुकानात पाहिले तर बऱ्याच वस्तूंवर याच दोन गावांची नावे सापडतात. तरीही जिमखाना, छावणी आणि सरकारी अंमलदारांची वसाहत यांच्या बाहेर टेनिस फारसे गेले नाही. ज्यांच्या हाती ते गेले त्यांत एक घर आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे.

शंकर पांडुरंग पंडित हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला नवे नाही. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या तुकारामांच्या गाथेच्या सिद्धतेत त्यांचा मोठा वाटा होता. ‘वेदार्थयत्न’ हे त्यांचे नियतकालिक. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन हे त्यांचे अखेरचे मोठे काम. १८९४ साली ते निवर्तले तेव्हा त्यांची कन्या क्षमा अवघी तीन वर्षांची होती. हीच पुढे पंडिता क्षमा राव या नावाने आधुनिक संस्कृत साहित्यात प्रसिद्ध झाली. मुंबईतील डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२०च्या दशकातील आपल्या देशातल्या अग्रगण्य महिला टेनिसपटूंत त्यांची गणना होते, ही गोष्ट मात्र साहित्याच्या इतिहासात सहसा येत नाही.

आईकडून हा खेळ मुलीकडे गेला. १९११ साली जन्मलेल्या लीला राव यांनी १९३१ पासून १९४३ पर्यंत अखिल भारतीय टेनिस स्पर्धेतील महिला एकेरीचे विजेतेपद सात वेळा मिळवले. १९३४ साली विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत त्यांनी ग्लॅडिस साउथवेल यांना ४–६, १०–८, ६–२ असे हरवले. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इदा आदामोफ यांनी त्यांना पराभूत केले. त्या गुणसंख्येतील मधला आकडा जरा थांबून वाचावा. पहिला डाव गमावल्यावर अठरा गेम चाललेला दुसरा डाव, आणि तोही त्या काळच्या जड लाकडी रॅकेटने. येथे ‘आपल्या खेळाला साजेशी रॅकेट’ या शब्दप्रयोगाचा अर्थ उलटा होतो. साधन ठरलेले होते. त्याला साजेसा खेळ घडवायचा होता.

क्षमाबाईंच्या लेखनाकडे वळले की हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. आरंभी त्यांनी इंग्रजीत आणि मराठीत लिहिले. नंतर त्या निश्चयाने संस्कृतकडे वळल्या. गांधीजींच्या आंदोलनावरील त्यांची ‘सत्याग्रहगीता’ १९३२ साली पॅरिसमधून प्रसिद्ध झाली. विषय कालपरवाचा, म्हणजे मिठाचा कायदा, तुरुंग, शेतकरी. आणि वृत्त अनुष्टुभ, ज्यात भगवद्गीता रचली गेली. नव्या खेळासाठी त्यांनी घरातली सर्वांत जुनी रॅकेट उतरवली, असे म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. अनुष्टुभ हे हलके, चटकन वळणारे वृत्त आहे. कथन त्याला सोसते, वर्णनाचा भार फार झाला तर ते वाकते. घटनाक्रम सांगत पुढे जाणाऱ्या काव्याला ते साजते. निवड डोळसपणे केलेली होती, याबद्दल शंका राहत नाही.

पण साजणे आणि पोचणे या दोन गोष्टी आहेत. ज्या सामान्य माणसांच्या लढ्याचे हे काव्य, त्यांतील फारच थोड्यांना ते वाचता येणार होते. पुढे क्षमाबाईंनी ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास यांची चरित्रे संस्कृत पद्यात लिहिली. वडिलांनी तुकारामांचे मराठी अभंग शुद्ध स्वरूपात छापून यावेत म्हणून कष्ट घेतले आणि मुलीने तुकारामांना संस्कृत श्लोकांत नेले. यातील विरोध नजरेआड करता येत नाही. अभंगाची लय बोलण्याच्या जवळ राहते, अक्षरसंख्येत सैलपणा खपवून घेते आणि म्हणूनच तुकारामांच्या चिडण्याला, लाडीगोडीला, तडकाफडकी तुटण्याला जागा देते. श्लोक घट्ट विणलेला असतो. त्यात दिशा मिळते, परंतु तो उसळता वेग कमी होतो. तुकाराम संस्कृतात नेण्याने अखिल भारतीय पंडितवर्गापुढे एक मराठी संत आला, हा लाभ. त्याचा आवाज बदलला, ही किंमत. क्षमाबाईंनी ती जाणून मोजली असावी असे वाटते. निवडीचा अर्थ लाभापेक्षा मोजलेल्या किमतीतून अधिक कळतो.

दुसरे घर नाटेकरांचे. नंदू नाटेकर १९३३ साली सांगलीत जन्मले आणि मुंबईच्या रुईया महाविद्यालयात शिकले. ते आधी टेनिस खेळत. १९५१-५२च्या राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत ते पोचले आणि तेथे रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. हे कृष्णन १९५४ मध्ये विम्बल्डनचे कुमार विजेते झाले आणि १९६० व १९६१ साली तेथील पुरुष एकेरीच्या उपांत्य फेरीत खेळले. तेव्हा हा पराभव काही लाजिरवाणा नव्हता. नाटेकरांनी मात्र रॅकेट बदलली. एका बनावटीची टाकून दुसऱ्या बनावटीची घेतली असे नाही. टेनिसची खाली ठेवून बॅडमिंटनची उचलली. १९५३ मध्ये ते बॅडमिंटनचे राष्ट्रीय विजेते होते. १९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९५६ साली क्वालालंपूर येथील सेलँगर स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. सतरा राष्ट्रीय अजिंक्यपदे आणि १९६१चा, म्हणजे पहिल्याच वर्षीचा, अर्जुन पुरस्कार ही पुढील नोंद. २०२१ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या खेळाचे वर्णन करताना सर्वांनी वापरलेला शब्द नजाकत हा आहे. प्रतिस्पर्ध्याला एका दिशेला पाहायला लावून फूल दुसरीकडे टाकणारे मनगट, हा त्या खेळाचा गाभा. टेनिसच्या जड रॅकेटीत मनगटाच्या या बोलण्याला फारसा वाव नव्हता. फुलाच्या खेळात तीच गोष्ट निर्णायक ठरली. आपल्या हाताचा कल त्यांना टेनिसमधील पराभवाने दाखवला की बॅडमिंटनमधील आनंदाने, हे बाहेरून ठरवू नये. इतके खरे, की कोणत्याही दुकानदाराच्या प्रश्नावलीतून ही निवड निघाली नसती. योग्य रॅकेटचा शोध कधी कधी वेगळ्या खेळाचा शोध असतो. आणि त्याच घरातील पुढची पिढी पुन्हा टेनिसकडे गेली. त्यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. बापाने ठेवून दिलेली रॅकेट मुलाच्या हातात बसली. म्हणजे कल वारशाने येतो हेही सरळ सूत्र टिकत नाही.

दरम्यान रॅकेट बदलली होती. १९६०च्या दशकात पोलादी चौकटी आल्या. १९७६ साली हॉवर्ड हेड यांच्या कल्पनेतून मोठ्या डोक्याची प्रिन्स रॅकेट बाजारात आली. १९७७ मध्ये दुहेरी विणीच्या, चेंडूला अफाट फिरकी देणाऱ्या ‘स्पॅगेटी’ रॅकेटने इली नास्तासे यांनी गिलेर्मो व्हिलास यांची मातीच्या कोर्टावरील दीर्घ विजयमालिका खंडित केली आणि त्यावर मोठा वाद झाला. तोपर्यंत टेनिसच्या नियमांत रॅकेट म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती! ती १९७८ साली करण्यात आली. विम्बल्डनमध्ये लाकडी रॅकेट शेवटची दिसली ती १९८७ मध्ये. आज विकत घेणाऱ्याला पडणारे प्रश्न या दहा-बारा वर्षांत जन्मले. साधनाची व्याख्या करण्याची गरज वाटली ती साधन खेळावर कुरघोडी करू लागल्यावर, ही बाब काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. आपल्याकडे मुक्तछंदावरून वाद झाले तेव्हाच छंदाची व्याख्या नव्याने करावी लागली होती.

हा सगळा विषय गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून लिहिण्याचे कारण खेळापुरते मर्यादित नाही. येथे महाविद्यालयात येणाऱ्या मुलांपैकी अनेक जण आपापल्या घरातील पहिलेच पदवीधर असतात. त्यांच्यापुढे भाषेची निवड अगदी रॅकेटच्या दुकानासारखी मांडली जाते. इंग्रजी म्हणजे मोठ्या डोक्याची, वेगवान, महाग रॅकेट. मराठी म्हणजे कपाटावरची, प्रेसमधली. ज्याला परवडेल त्याने पहिली घ्यावी, असा एकूण सूर. पाहिलेली दोन्ही घरे हा सूर खोटा पाडतात असे नाही. क्षमाबाईंजवळ तिन्ही भाषा होत्या आणि नाटेकरांजवळ दोन्ही खेळ. त्यांना निवडता आले, कारण निवडण्याइतके त्यांच्या हाती आधी आले होते. ज्याच्या हाती एकच साधन दिले गेले, तेही अर्धवट गटिंगचे, त्याला ‘तुझा कल ओळख’ असे सांगणे हा उपदेश ठरतो, मदत ठरत नाही.

म्हणून मराठीच्या अध्यापकाचे काम कोणती भाषा श्रेष्ठ हे ठरवण्याचे नाही. जी मुलाच्या हातात आहे तिच्या तारा नीट आवळून देणे, तिच्यात कोणते फटके आहेत हे दाखवणे, आणि दुसरी हाती येईल अशी व्यवस्था करणे, एवढे त्याच्या कक्षेत आहे. पुढे तो मुलगा तुकारामांच्या लयीत लिहील, इंग्रजीत लिहील, की नाटेकरांप्रमाणे हा खेळच सोडून भलत्या खेळात नाव काढील, ते त्याच्या मनगटाने ठरवावे.